युरेनियमची मिल वाढवायच्या आधी टेलिंग पॉन्डचं डिझाइन करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं टार्गेट जाहीर झालं, तेव्हापासून पेपरात रिॲक्टरबद्दल भरपूर वाचायला मिळतंय. छोटे रिॲक्टर, वीस हजार कोटींचं मिशन, परदेशी कंपन्या, खासगी गुंतवणूक, सगळं येतं. पण त्या रिॲक्टरला लागणारं युरेनियम जमिनीतून काढायचं कसं, त्यासाठी खाणी आणि मिल (दगड दळून त्यातून युरेनियम काढायचे कारखाने) वाढवायच्या तर त्यांचं प्लॅनिंग कोण करतं, आणि युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला माल कुठे जातो, यावर मराठीत जवळपास काहीच छापून येत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, कापायचं असेल तर कापा पण टेलिंग पॉन्डचा, म्हणजे हा उरलेला गाळ साठवायच्या तळ्याचा, भाग कृपया ठेवा.

मी प्रोसेस इंजिनीअर आहे, ऐरोलीला राहतो, नोकरीची बहुतेक वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या डिझाइन ऑफिसांमध्ये गेली. महापे, रबाळे, बेलापूर, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, या पट्ट्यात बाहेरून साध्या दिसणाऱ्या बिल्डिंगांमध्ये बसून आमची मुलं-मुली जगभरच्या प्लांटची ड्रॉइंग काढतात, रिफायनरी, खताचे कारखाने, तांबं, सोनं, आणि हो, युरेनियमसुद्धा. आणि खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बे आहे, जिथे जानेवारी १९५९ मध्ये देशातल्या शुद्ध युरेनियम धातूचा पहिला इन्गॉट, म्हणजे लगड, तयार झाला. झारखंडमधल्या जादूगोड्याच्या मिलमध्ये ॲसिडने युरेनियम विरघळवायची जी पद्धत चालते तिच्यामागे ट्रॉम्बेच्याच लॅबमधलं काम आहे. त्यामुळे हा विषय झारखंडचा किंवा आंध्रचा, आपला काय संबंध, असं ठाणे-नवी मुंबईकरांनी म्हणू नये असं मला वाटतं.

आधी आकडे सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली, हेड ऑफिस जादूगोड्यालाच. सिंहभूमच्या पट्ट्यात जादूगोडा, भाटिन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, मोहुलडीह या खाणी आणि बंदुहुरांगची उघडी खाण, आणि दोन मिल, एक जादूगोड्याला आणि एक तुरामडीहला. शिवाय आंध्रात कडपा जिल्ह्यात तुम्मलपल्ले, तिथला दगड कार्बोनेटचा असल्यामुळे ॲसिड चालत नाही, सगळं ॲसिड दगडच पिऊन टाकेल, म्हणून तिथे सोड्याच्या द्रावणात, प्रेशरखाली, गरम करून युरेनियम काढतात. कॅनडात सिगार लेकला खनिजात दहा टक्क्यांच्या वर युरेनियम ऑक्साइड मिळतं, आपल्याकडे मिळतं ०.०४, ०.०५ टक्के, कुठे थोडं जास्त. म्हणजे एक टन दगड वर आणला, बारीक दळला, केमिकलमध्ये शिजवला, तर हाताला लागतं साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, तेही रिकव्हरी पूर्ण धरली तर. बाकीचा जवळजवळ अख्खा टन पिठासारखा बारीक गाळ होऊन मागे राहतो. त्यातली जाड रेती वेगळी करून खाणीतल्या रिकाम्या जागा भरायला परत खाली पाठवतात, ही चांगली पद्धत आहे, पण बारीक गाळ चुना घालून न्यूट्रल करून टेलिंग पॉन्डमध्ये सोडतात आणि तो कायमचा तिथेच असतो. युरेनियम गेलं म्हणजे रेडिओॲक्टिव्हिटी गेली असं लोकांना वाटतं, तसं नाही. मूळ दगडातली साधारण ८५ टक्के रेडिओॲक्टिव्हिटी गाळातच राहते, कारण थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ मिलमध्ये निघत नाहीत. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, त्या थोरियमचं ७५ हजार वर्षांच्या आसपास.

आता मुद्द्यावर येतो. तुरामडीहची मिल दिवसाला ३००० टन दगडाची, ती ४५०० करायचा प्लॅन बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे, तुम्मलपल्लेचंही तसंच. आता १०० गिगावॅटचं टार्गेट आल्यावर हे प्लॅन पुढे सरकणार, सरकायलाही हवेत, मी अणुऊर्जेच्या विरोधातला माणूस नाही, आपल्याला कोळसा कमी करायचा असेल तर ही वीज लागणार आहे हे माझं स्पष्ट मत आहे. पण मिल वाढवणं म्हणजे एक बॉल मिल (दगड दळायचं यंत्र) आणि दोन लीच टँक (युरेनियम विरघळवायच्या टाक्या) जास्त लावणं इतकंच प्लॅनिंग जर झालं तर ते अर्धवट आहे. आपल्या ठाण्यात सात मजल्याच्या जागी तीस मजली टॉवर उभा राहतो आणि खालची ड्रेनेज लाइन तीच जुनी राहते, मग पहिल्या पावसात काय होतं ते आपण बघतोच, तसंच हे होईल, फक्त इथे लाइनमध्ये काय आहे ते वर सांगितलं.

हिशोब साधा आहे. वर्षाला ३०० दिवस मिल चालली तर ३००० टनाने नऊ लाख टन दगड दळला जातो, ४५०० टनाने साडेतेरा लाख. ज्या पॉन्डमध्ये बारा वर्षांची जागा शिल्लक होती तिथे आता आठच वर्षांची उरते. वाढीव क्षमतेसाठी बहुतेक वेळा हलक्या प्रतीचा दगड घ्यावा लागतो कारण चांगला आधीच काढून झालेला असतो, आणि ०.०५ टक्क्यांवरून ०.०४ वर आलात की एक किलो ऑक्साइडसाठी दोन टनाऐवजी अडीच टन दगड, म्हणजे गाळ आणखी वाढला. हे इतपत तरी कोणीही करेल. पण ज्याकडे फार कमी लोक बघतात ती गोष्ट म्हणजे पॉन्ड भरायचा वेग. टेलिंगचा बांध एकदम बांधून ठेवत नाहीत, गाळ जसा चढतो तसा बांधही टप्प्याटप्प्याने उंच करत नेतात, आणि बऱ्याच ठिकाणी वरचा टप्पा खालच्या जुन्या गाळावरच टेकवलेला असतो. गाळाला बसायला, त्यातलं पाणी निचरून घट्ट व्हायला वेळ लागतो. मिलची क्षमता दीडपट केली आणि पॉन्डचं क्षेत्रफळ तेच ठेवलं तर दरवर्षी चढणारी उंची दीडपट होते, खालचा गाळ घट्ट व्हायच्या आत वर नवा भार येतो, आतल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि बांधाची ताकद कमी होते. हे मिलच्या कोणत्याही ड्रॉइंगवर दिसत नाही. पाण्याचंही तेच. पॉन्डवरून निघणारं पाणी ट्रीटमेंटला जातं, तिथे बेरियम क्लोराइड घालून रेडियम खाली बसवतात, त्याला टाकीत ठरावीक वेळ मिळावा लागतो. फ्लो वाढला आणि टाकी तेवढीच राहिली तर तो वेळ कमी होतो. खाणीतल्या हवेचंही बघावं लागतं, जितका जास्त दगड उघडा पडेल तितका जास्त रेडॉन हा रेडिओॲक्टिव्ह गॅस, म्हणजे पंखे आणि हवेचे शाफ्ट आधी वाढवायचे आणि उत्पादन नंतर.

हे सगळं बाहेरच्या इंजिनीअरिंग कंपन्यांकडून करून घेतात आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, कुठलीच खाण कंपनी पाचशे डिझाइन इंजिनीअर कायम पगारावर ठेवू शकत नाही. आधी कन्सेप्ट स्टडी होते, मग प्री-फिजिबिलिटी, त्यात खर्चाचा अंदाज पंचवीस-तीस टक्के इकडे-तिकडे, मग डिटेल फिजिबिलिटी, तो दहा-पंधरा टक्क्यांवर येतो, मग बोर्डाची मंजुरी, मग डिटेल इंजिनीअरिंग, जे आमच्यासारख्या ऑफिसांकडे येतं. अडचण कुठे होते, तर काम वाटून दिलं जातं. खाणीची स्टडी एका कंपनीकडे, मिल दुसरीकडे, टेलिंगचा बांध तिसरीकडे, पर्यावरणाचा रिपोर्ट चौथीकडे, वीज-पाणी पाचवीकडे. प्रत्येकाला आपापली बॅटरी लिमिट, म्हणजे कामाची हद्द. मिलवाल्याच्या ड्रॉइंगवर टेलिंग पंपाच्या पुढची पाइपलाइन कुंपणापर्यंत येऊन बाणाने संपते, पुढे काय ते दुसऱ्याने बघायचं. प्रत्येकाचा रिपोर्ट आपल्यापुरता बरोबर असतो, सह्या शिक्के सगळं असतं. पण खाणीतून येणारं पाणी, मिलला लागणारं पाणी, पॉन्डवर पडणारा पाऊस, उडून जाणारं पाणी, परत वापरलं जाणारं पाणी, या सगळ्याचा एकत्र हिशोब, ज्याला आम्ही वॉटर बॅलन्स म्हणतो, तो अख्ख्या साइटसाठी कोणी करायचा हे कोणाच्याच ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसतं.

माझ्या समोर घडलेलं सांगतो. आफ्रिकेतल्या एका युरेनियम प्रोजेक्टच्या विस्ताराचं डिटेल इंजिनीअरिंग आमच्याकडे होतं, क्लायंटचं आणि ऑफिसचं नाव सांगत नाही. खाणीचा रिपोर्ट एका देशातल्या कन्सल्टंटचा, टेलिंगचा दुसऱ्या देशातल्या. आमच्या टीममध्ये कॉलेजमधून नुकतीच आलेली एक मुलगी होती, तिला दोन्ही रिपोर्ट वाचून डिझाइन बेसिस, म्हणजे डिझाइनसाठी धरायच्या आकड्यांचा कागद, तयार करायला दिला होता. दोन दिवसांनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, पावसाचे आकडे दोघांचे वेगळे आहेत, आपण कुठला घ्यायचा?" बघितलं तर खाणवाल्यांनी पाऊस घेतला होता साइटपासून लांबच्या शहरातल्या स्टेशनचा, टेलिंगवाल्यांनी घेतला होता जवळच्या पण फार कमी वर्षांच्या नोंदी असलेल्या स्टेशनचा, आणि चोवीस तासांतल्या मोठ्या पावसाच्या आकड्यात दोघांमध्ये भरपूर फरक. आणि बांधाच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत किती जागा मोकळी ठेवायची ते ठरलं होतं त्यातल्या लहान आकड्यावर! दोन्ही रिपोर्ट क्लायंटने ॲप्रूव्ह केलेले होते. आम्ही लेखी विचारलं, तर उत्तर आलं की हा विषय तुमच्या स्कोपमध्ये नाही, तुम्ही मिलचं बघा. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर मॅडमनी तरीही विषय सोडला नाही, मीटिंगमध्ये लावून धरला, शेवटी दोन्ही कन्सल्टंटना एका कॉलवर आणलं आणि बांधाची उंची वाढली. त्या मुलीने विचारलं नसतं तर तो फरक कोणाच्या लक्षात येणार होता मला माहीत नाही, कारण दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचायचं काम कोणाचंच नव्हतं.

जगात यातून काय काय झालंय ते रेकॉर्डवर आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला चर्च रॉक इथे १६ जुलै १९७९ ला युरेनियम मिलचा टेलिंगचा बांध फुटला, ९.४ कोटी गॅलन, म्हणजे पस्तीस कोटी लिटरच्या वर आम्लयुक्त रेडिओॲक्टिव्ह पाणी आणि अकराशे टन गाळ पुएर्को नदीत गेला, ते पाणी नावाहो आदिवासी आणि त्यांची जनावरं वापरत होती. बांधाला तडे आधीच दिसलेले होते. कॅनडात माउंट पॉली, ही तांबं-सोन्याची खाण, ऑगस्ट २०१४ मध्ये तिथला बांध गेला, पुढे तज्ज्ञांच्या पॅनेलने सांगितलं की बांधाच्या खाली चिकणमातीचा एक कमजोर थर होता तो डिझाइनमध्ये धरलाच नव्हता, आणि त्या बांधावर वर्षानुवर्षांत एकामागून एक वेगवेगळ्या इंजिनीअरिंग कंपन्यांनी काम केलेलं होतं. ब्राझीलला ब्रुमाजिन्यो, लोखंडाची खाण, २५ जानेवारी २०१९, २७० माणसं गेली, आणि बांध सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट बाहेरच्या कंपनीने काही महिन्यांपूर्वीच दिलेलं होतं. या शेवटच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंगसाठी एक जागतिक स्टँडर्ड तयार झालं. त्यात सांगितलंय की प्रत्येक टेलिंग बांधाला एक नावानिशी जबाबदार इंजिनीअर हवा, कंपनीच्या वरच्या पदावरचा एक अधिकारी थेट उत्तरदायी हवा, आणि धोक्याचा बांध असेल तर डिझाइन करणाऱ्यांशी संबंध नसलेलं स्वतंत्र तज्ज्ञ मंडळ हवं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पहिलं, कारण कन्सल्टंट बदलतात, कॉन्ट्रॅक्ट संपतं, टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर जाते, तो बांध मात्र तिथेच उभा असतो आणि त्याची आधीची सगळी माहिती असलेला माणूस कुठेतरी असावाच लागतो.

आपल्याकडेही डिसेंबर २००६ मध्ये जादूगोड्याला टेलिंग नेणारा पाइप फुटून गाळ नाल्यात गेला होता. तुम्मलपल्लेला आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी बोअरवेलच्या पाण्याबद्दल, केळीच्या बागांबद्दल तक्रारी केल्या, कंपनीने आरोप फेटाळले, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाला लक्ष घालावं लागलं. मी कोणालाच खोटं ठरवत नाही. माझं म्हणणं एवढंच की शेतकऱ्याच्या विहिरीतलं पाणी प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी कसं होतं याच्या भरपूर वर्षांच्या, भरपूर ठिकाणच्या नोंदी दोघांनाही मान्य असतील तर भांडण अर्ध्यावर मिटतं, आणि विस्ताराच्या वेळी अशा नोंदी घ्यायची पुन्हा संधी असते. ती घ्यायची तर प्लॅनिंगच्या सुरुवातीलाच पैसे ठेवावे लागतात.

आणि इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि क्रिटिकल मिनरल्सच्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. देशाला ही खनिजं लवकर हवीत हे मला समजतं. पण जनसुनावणीत गावातला माणूस उठून सांगतो की साहेब, तुम्ही जिथे पॉन्ड दाखवलाय तिथून पावसाळ्यात ओढा वाहतो, आणि हे कित्येकदा कन्सल्टंटच्या नकाशात नसतं कारण त्याचा सर्व्हे मार्चमध्ये झालेला असतो. ही माहिती फुकट मिळते आणि ती बंद करून वेळ वाचत नाही. पनवेलजवळ तळोज्याच्या कासाडी नदीचं काय झालं ते आपण बघितलंय, कारखाने आधी आले, सांडपाण्याचं पुढे बघू म्हटलं गेलं, आणि नदीकाठच्या गावांना हरित न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. तिथे निदान नदी साफ करता येईल अशी आशा आहे.

टेलिंग नंतर बघू म्हटल्यावर पैशाचं काय होतं त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या रेंजर खाणीचं आहे. काकाडू नॅशनल पार्कने वेढलेली ही युरेनियमची खाण, २०२१ च्या जानेवारीत मिल बंद झाली, जागा पूर्ववत करायचा खर्च आधी सुमारे ९७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरला होता, २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की तो १६० ते २२० कोटींपर्यंत जाईल. त्यांच्याकडे मोठा भागधारक पैसे घालायला होता. आपल्याकडे हा पैसा करदात्याचाच असणार, म्हणजे तुमचा-माझा, त्यामुळे मिलच्या विस्ताराच्या खर्चात बंद करतानाचा खर्च पहिल्या दिवसापासून दिसला पाहिजे.

मग काय करावं? माझ्या मते मिलचं टनेज ठरवायच्या आधी टेलिंगची जागा, बांध आणि पाणी यांची स्टडी पूर्ण व्हावी आणि त्या स्टडीतून टनेज ठरावं, आत्ता उलटं होतं. साइटवरच्या सगळ्या पाण्याच्या हिशोबाची जबाबदारी एकाच कंपनीच्या ऑर्डरमध्ये लिहावी, बाकीच्यांनी त्यांना आकडे द्यायचे. जमिनीच्या तपासणीची बोअरहोलं टेंडरमध्ये कमी करून पैसे वाचवायचं थांबवावं. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त त्याला काम, या पद्धतीत पहिली कात्री तिथेच लागते, आणि माउंट पॉलीचा मातीचा थर बोअरहोल मारल्याशिवाय दिसत नव्हता. खाण कंपनीने स्वतःचे अनुभवी लोक टिकवावेत, आज जादूगोडा-नरवापहाडचा दगड हाताळलेली पिढी रिटायर होतेय आणि बाहेरच्या कन्सल्टंटचा रिपोर्ट समजून त्याला प्रश्न विचारणारा माणूस आतमध्ये नसेल तर तो रिपोर्ट नुसता फाइलला लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरला आहे, त्यांनी विस्ताराच्या परवानगीबरोबर टेलिंग बांधाच्या जबाबदार इंजिनीअरचं नाव आणि स्वतंत्र तज्ज्ञांचा रिपोर्ट वेबसाइटवर टाकायला सांगावं, आणि त्याचा सारांश हिंदी, संथाली, तेलुगूमध्ये, जिथली जी भाषा आहे त्यात. यात देशाच्या सुरक्षेचं काही गुपित नाही, बांध किती उंच आहे आणि पाणी किती आहे ते उपग्रहाच्या फोटोत कोणालाही दिसतं.

आणि इथल्या डिझाइन कंपन्यांना एक विनंती. ऐरोलीत, महाप्यात बसून जी पोरं या मिलची ड्रॉइंग काढतात त्यांना काम सुरू व्हायच्या आधी एकदा तरी साइटवर पाठवा, जमलं तर पावसाळ्यात. विमानाचं तिकीट आणि चार दिवसांचं हॉटेल इतकाच खर्च आहे. सिंहभूमचा धो धो मान्सून आणि कडप्याचं कोरडं ऊन हे कॅडच्या स्क्रीनवर सारखंच दिसतं. पाइप जिथून जातो तिथे शाळेत जाणारी मुलं आहेत की नुसतं माळरान आहे हे बघून आलेला इंजिनीअर व्हॉल्व्ह कुठे लावायचा ते वेगळ्या तऱ्हेने ठरवतो, हे मी प्रत्यक्ष बघितलंय.

तुमच्या वार्ताहरांनाही सांगावंसं वाटतं. तुरामडीह किंवा तुम्मलपल्लेच्या विस्ताराचं पुढचं टेंडर निघेल तेव्हा किती कोटींचं आणि किती टनांचं एवढंच न छापता टेलिंग पॉन्डचं काम कोणाकडे आहे, ते त्याच टेंडरमध्ये आहे की वेगळं, आणि वेगळं असेल तर आधी निघालं की नंतर, एवढं विचारून छापा. कागदपत्रं समजून घ्यायला इंजिनीअर लागला तर मी आणि माझे दोन-तीन जुने सहकारी आनंदाने वेळ देऊ.

आपला,
एक प्रोसेस इंजिनीअर
ऐरोली, नवी मुंबई